अंगणातली फियाट

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या करमाळ्याला जुन्या गोष्टींचं फारसं अप्रूप नाही. कमलाभवानीचं देऊळ, तिथली छहाण्णव पायऱ्यांची विहीर, गावातला किल्ला हे सगळं आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलंय, की पाहुणा आल्याशिवाय तिकडं पाय वळत नाहीत. आज मात्र मी ज्या जुन्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती दाखवायला पाहुण्यालाही कुणी नेत नाही. ती आहे पत्र्याच्या शेडमधली एक फियाट. मॉडेल १९६९. आमच्या चुलत्यांनी ती वापरलेलीच घेतली, बरीच वर्षं चालवली आणि घरात मारुती आल्यावर मागच्या अंगणात लावली. पुढं तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या पडल्या, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, वायरिंग उंदरांनी खाल्लं. भंगारवाला दर दिवाळीच्या आधी येऊन भाव सांगून जायचा. एका वर्षी त्याचा भाव घरातल्या सगळ्यांना पटला. मला पटला नाही.

हल्ली शहरातली तरुण मुलं अशा गाडीला ‘प्रोजेक्ट कार’ म्हणतात. म्हणजे बंद पडलेली जुनी मोटार घरी आणायची आणि सुट्टीच्या दिवशी, जमेल तशी, स्वतःच्या हातानं दुरुस्त करत राहायची. शब्द परदेशातून आला, पण हे काम आपल्याकडं नवीन नाही. फरक एवढाच, की तिकडं तो छंद होता आणि आपल्याकडं ती गरज होती. ही गरज का निर्माण झाली, हे सांगायचं तर सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करावी लागते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा, सोलापूरचा. घराणं व्यापारी आणि सावकारी करणारं. वालचंदांना मात्र पेढीवर बसण्यात रस नव्हता. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटं घेतली, १९१९ साली सिंदिया या जहाज कंपनीत उडी घेतली आणि १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभारला. आमच्या तालुक्यातून भीमा ओलांडून इंदापूर तालुक्यात गेलं की वालचंदनगर लागतं, ते यांच्याच नावाचं. मोटार हे त्यांचं आणखी एक वेड. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली होती आणि वालचंद त्या योजनेच्या मागं उभे राहिले. इंग्रज सरकारला ती नको होती. विलायतेतल्या मोटारी इथं खपत असताना इथंच मोटार कशाला बनवायची, हा साधा हिशेब. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डशी बोलणी झाली ती फिसकटली, अखेर क्रायस्लर कंपनीशी करार झाला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं जुन्या हिंदी सिनेमांत ज्यांनी पाहिली असतील त्यांना ती गाडी डोळ्यांसमोर येईल. मोठी, जड आणि पेट्रोलला अजिबात दया न दाखवणारी.

मध्यमवर्गाला लागणारी गाडी इटलीतून आली. तुरिन शहरातल्या फियाट कंपनीशी प्रीमियरनं करार केला आणि १९५०च्या दशकात फियाट ११०० आली. पुढचे दरवाजे मागून बिजागरी असलेले, म्हणजे आपल्या घरच्या दाराच्या उलटे उघडणारे. नाक गोल, पाठ गोल. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. मराठी माणूस एखाद्या वस्तूला असं नाव ठेवतो तेव्हा ती वस्तू त्याला आवडलेली असते, असं माझं मत आहे. १९६४ साली नव्या, चौकोनी अंगाची डिलाइट आली. हीच गाडी पुढं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. बाहेरून किरकोळ बदल, आतलं इंजिन तेच. चार सिलिंडर, १०८९ सीसी, आणि गिअर स्टिअरिंगच्या खांबावर. २०००च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे एकच सांगाडा जवळजवळ पस्तीस वर्षं विकला गेला. यावर आपण हसतो आणि हसणं योग्यच आहे. पण ज्याला जुनी गाडी घरी दुरुस्त करायची आहे त्याच्यासाठी या आळसाइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. १९९०च्या पद्मिनीचे पुष्कळसे भाग १९६९च्या फियाटला बसतात.

आता धोरणाची बाजू. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग परदेशातून यायचे आणि इथं फक्त जुळणी व्हायची. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी करणारे नकोत, टप्प्याटप्प्यानं भाग इथंच बनवणारे हवेत. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी इथला गाशा गुंडाळला. रस्त्यावर शेवरलेट आणि फोर्ड गाड्या होत्या, त्या एका दिवसात पोरक्या झाल्या. सुटे भाग आणायचे तर परकी चलन नाही, परवाना नाही. आणि नवी गाडी घ्यायची तर मोजक्या कंपन्या, मोजकं उत्पादन, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. नव्या गाडीपेक्षा जुन्या पण हातात मिळणाऱ्या गाडीला जास्त पैसे मोजावे लागत, असा तो काळ. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली, तिची किंमत १२ हजार रुपये होती. त्यांच्या खात्यात ७ हजार होते, ५ हजारांचं कर्ज त्यांनी बँकेकडून काढलं, आणि त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. पंतप्रधानाची ही कथा, तर तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरची किंवा वकिलाची काय असेल. गाडी एकदा दारात आली की ती टाकून द्यायची हा विचारच नव्हता.

असाच प्रकार क्युबात झाला. १९६०नंतर अमेरिकेनं व्यापार बंद केला आणि हवानातल्या लोकांनी १९५०च्या दशकातल्या अमेरिकन मोटारी मिळेल त्या भागांवर जगवल्या. आज तिथं त्या पाहायला पर्यटक जातात. आपण त्यांच्याइतकंच केलं, पण त्याचं कौतुक करून घेतलं नाही.

मग ही दुरुस्ती करणारे लोक आले कुठून? तालुक्याच्या गावात मोटारीची शाळा नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणं तीन वाटांनी हे ज्ञान आलं. पहिली वाट लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात हजारो तरुण मोटार चालवायला आणि दुरुस्त करायला शिकले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या विकायला निघाल्या, त्या खेडोपाडी पोचल्या, आणि त्यांच्या मागोमाग हे शिकलेले हातही. दुसरी वाट एसटीची. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढं जिथं आगार झालं तिथं हत्यारं, लेथ आणि फोरमन आले. आगारातून निवृत्त झालेल्या माणसानं नाक्यावर टपरी टाकली की गावाला गॅरेज मिळालं. तिसरी वाट सगळ्यांत महत्त्वाची आणि तिच्याकडं कुणी फारसं पाहत नाही, ती विहिरीवरच्या इंजिनाची. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली. आमच्यासारख्या दुष्काळी भागात, वीज यायच्या आधी, विहिरीचं पाणी वर काढायला हीच इंजिनं. पिकाला पाणी द्यायच्या ऐन वेळी इंजिन बंद पडलं तर मिस्त्रीची वाट पाहत बसणं परवडत नसे. त्यामुळं पिस्टन, रिंग, नोझल, गॅस्केट हे शब्द आमच्याकडं मोटारीच्या आधी शेतात आले. शाळेची पायरी न चढलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा, ‘व्हॉल्व सैल झालाय.’

या लोकांच्या कामाला गावातल्या जुन्या कारागिरांची जोड मिळाली. फियाटचा रेडिएटर पितळ-तांब्याचा. तो गळू लागला की भांड्यांना डाग देणारा कारागीर तो झाळून द्यायचा. मागच्या चाकांवरचे पाटे बसले की लोहार ते तापवून, ठोकून पुन्हा कमान द्यायचा. सीटचा काथ्या आणि स्प्रिंगा गादीवाल्याकडं. गॅस्केट मिळालं नाही तर जाड पुठ्ठा इंजिनावर धरून गोल डोक्याच्या हातोडीनं हलके ठोके मारायचे, कडा आपोआप कापली जाते. प्लगमधली फट मोजायला पट्टी नसेल तर हॅक्सॉचं पातं. त्याची जाडी साधारण सहा दशांश मिलिमीटर असते आणि या इंजिनाच्या प्लगला तेवढीच फट लागते. हे गणित कुणी कागदावर मांडलं नव्हतं, पण प्रत्येक मिस्त्रीच्या खिशात पात्याचा तुकडा असायचा.

आमच्या फियाटचं काम सुरू केलं तेव्हा असाच एक वयस्कर मिस्त्री मला भेटला. त्यांनी गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली होती. मी उत्साहात बॅटरी घेऊन तयार होतो, एकदा सुरू तर करून पाहू म्हणून. त्यांनी बॅटरी बाजूला ठेवायला लावली. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणं म्हणजे गंजलेल्या रिंगांनी सिलिंडर खरवडून काढणं. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं आणि आठवडाभर गाडीकडं पाहिलंही नाही. मग चौथा गिअर टाकून, गाडी हातानं पुढंमागं ढकलून इंजिन फिरतंय का ते पाहिलं. पहिल्या दिवशी हललं नाही. चौथ्या दिवशी कुरकुर करत अर्धा वेढा फिरलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त बिडी पेटवायला शेडच्या बाहेर गेले. पेट्रोलच्या गाडीजवळ काडी ओढायची नाही, हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम असा, की इंजिनाच्या आधी ब्रेक. गाडी चालायला लागण्यापूर्वी थांबायला शिकली पाहिजे. ब्रेकचे रबरी पाइप बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. ते पाहत बसायचं नाही, बदलायचे. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ हवा मारून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून तो फडका टाकून द्यायचा. ही गोष्ट मिस्त्रींना माहीत नव्हती, ती मी वाचून सांगितली. आयुष्यभर त्यांनी ती धूळ तोंडानं फुंकली होती. तिसरा नियम, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली बाभळीचे ठोकळे हवेत. घरी काम करणाऱ्यानं बाकी काही विसरलं तरी चालेल, हे तीन विसरू नयेत.

मग गंज. मुंबईची खारी हवा फियाटला खालून खाऊन टाकते. करमाळ्याच्या कोरड्या हवेनं आमची गाडी बरीच वाचवली होती. इथं पाऊस कमी असल्याचं दुःख कायमचं, पण मोटारीच्या पत्र्याला तो दुष्काळ मानवला. उलट उन्हानं रबर आणि सीट पार जाळून टाकले होते. गंज होता तो बॅटरीखालच्या तबकात आणि पायाखालच्या पत्र्यात, जिथं ओला कडबा साचला होता तिथं. गंजावरचा सोपा उपाय म्हणजे वर पुट्टी भरून रंग मारणं. वर्षभर गाडी नव्यासारखी दिसते आणि मग फुगे येतात. खरा उपाय म्हणजे चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि तेवढाच तुकडा नवा जोडायचा. आपल्याला वाटतं हाताएवढं भोक आहे, कापायला घेतलं की ते पराताएवढं होतं. या कामात माझे आठ महिने गेले. ज्यांना प्रोजेक्ट कार घ्यायची आहे त्यांनी इंजिनापेक्षा पत्रा बघून गाडी घ्यावी. इंजिन दुरुस्त होतं, पत्रा नव्यानं घडवावा लागतो.

इंजिनाचं बोअरिंग गावात होण्यासारखं नव्हतं. ६८ मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडरं घासून, किंचित मोठी करून, त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे असतात. मी ब्लॉक एका मोठ्या शहरात पाठवला. तो परत आला तेव्हा एक सिलिंडर इतर तिघांपेक्षा सैल होतं. दुकानदार म्हणाला, ‘एवढं चालतं.’ मिस्त्रींनी त्यात बोट फिरवलं आणि ब्लॉक पुन्हा पोत्यात बांधायला सांगितला. दुसऱ्या ठिकाणी नव्यानं काम करून घेतलं, पैसे दोनदा गेले. व्हॉल्व मात्र आम्ही घरीच घासले. काठीच्या टोकाला रबराची टोपी, तिला व्हॉल्व चिकटवायचा, पेस्ट लावायची आणि ताक घुसळल्यासारखी काठी दोन्ही तळहातांत फिरवायची. आमच्या आईनं हे पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढं ताक घुसळलं असतं तर लोणी तरी निघालं असतं.’

सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडलो. इथं एक गोष्ट लक्षात आली. फियाटचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते आमच्यासारख्या हौशी लोकांमुळं नव्हे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळं. रोज धावणारी, रोज झिजणारी गाडी होती म्हणून तिचे रबरी बुश आणि किंगपिन बनवणारे छोटे कारखाने चालत होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. आमच्या दृष्टीनं तो दिवस वेगळ्या कारणानं वाईट होता. गिऱ्हाईक गेलं की दुकान किती दिवस टिकणार?

आणि आता पेट्रोल. हे सांगताना सोलापूर जिल्ह्याचा माणूस म्हणून मला थोडं हसू येतं. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांना चिंता पडली होती, कारण शिशामुळं काही इंजिनांच्या व्हॉल्वच्या बैठकी झिजण्यापासून वाचत. फियाटचं हेड अॅल्युमिनियमचं, तिच्या बैठकी वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळं तिचं फारसं बिघडलं नाही. खरी पंचाईत इथेनॉलनं केली. २०२२ साली पेट्रोलमध्ये दहा टक्के आणि २०२५ साली वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण गाठलं गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या टाकीत आतून गंज धरतो, पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मऊ पडतात, कार्बोरेटरमध्ये पांढरा साका बसतो. उपाय आहेत. नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या बसवायच्या आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवायची. पण हे इथेनॉल येतं कुठून? उसातून. उजनीच्या पाण्यावर आमच्या तालुक्यात जो ऊस उभा आहे, तोही त्यातच मोडतो. माझ्या भावकीतला शेतकरी उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉलच्या बाजूनं बोलतो आणि मी कार्बोरेटर साफ करत ऐकून घेतो. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न. गाडी तयार झाली, पण ती नक्की कोणती गाडी म्हणून तयार करायची?

१५ जुलै २०२१ला केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी नवे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली, मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५ हजार. नव्यानं नोंदणी झाली तर पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात; आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नियमात हेही आहे, की अशी गाडी रस्त्यावर रोजच्या वापरासाठी नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीला रस्त्याचा कर माफ होतो आणि ती माणूस बाजाराला नेऊ शकतो. ऐतिहासिक वाहनांची जी जागतिक संघटना आहे ती तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. आपण पन्नास धरली.

दुसरा रस्ता साध्या नोंदणीचा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झालं आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १० हजार. शिवाय पर्यावरण कर. खर्च जास्त, पण गाडी गाडीसारखी वापरता येते.

प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे. कार्बोरेटरची गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, त्यात भावनेला जागा नाही. दिवसभर धावणाऱ्या जुन्या वाहनांना मर्यादा हवीच. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला तोच न्याय लावायचा का, याचा विचार व्हायला हवा, एवढंच.

पण माझी अडचण त्या ‘मूळ स्वरूप’ या शब्दांशी आहे. आमच्या गाडीचं मूळ स्वरूप कोणतं? कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचं? त्यातलं आता काय उरलंय? सायलेन्सर धरणारी पट्टी लोहारानं बैलगाडीच्या धावेच्या लोखंडातून केलेली. एका दाराचं हॅण्डल अॅम्बॅसेडरचं, ते बसवायला मिस्त्रींनी पत्र्यात नवं भोक पाडलेलं. पुढच्या सीटखाली चुलत्यांनी वैरणीच्या गिऱ्हाइकांच्या पावत्या ठेवायला केलेला लाकडी कप्पा. ऐतिहासिक मोटारींच्या संघटनेची जी सनद आहे, तिला फियाटच्याच तुरिन गावाचं नाव आहे, आणि तीसुद्धा म्हणते की गाडीच्या आयुष्यात झालेल्या बदलांनाही इतिहास म्हणून किंमत आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना ते फारसं पटत नाही. रॅलीत बक्षीस मिळतं ते कारखान्यातून नुकतीच निघाल्यासारख्या दिसणाऱ्या गाडीला. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबाख निघते, तिचं तसं चकचकीत असणं शोभतं. आमच्या फियाटनं आजारी माणसं जेऊरच्या स्टेशनवर पोचवली आहेत आणि एका मावशीची पाठवणीही तिच्यातून झाली.

मी लोहाराची पट्टी काढली नाही. तिला गंज चढला होता तो घासला, काळा रंग दिला आणि परत लावली. अॅम्बॅसेडरचं हॅण्डलही ठेवलं. मिस्त्रींचा याला विरोध होता. जुन्या बाजारात मला फियाटचं खरं हॅण्डल मिळालं होतं आणि त्यांना ते बसवायचं होतं. ‘तेव्हा मिळालं नव्हतं म्हणून ते लावलं, आवडलं म्हणून नाही,’ असं ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते हॅण्डल म्हणजे अर्धवट राहिलेलं काम होतं आणि ते पुरं करायची संधी मी त्यांना देत नव्हतो. बरोबर कोण होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बसवलं तर अॅम्बॅसेडरचंच आहे. फियाटचं हॅण्डल डॅशबोर्डच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलंय.

नोंदणी साधीच ठेवली. क्रमांक जुन्या पद्धतीचा, १९८९ साली ‘एमएच’ यायच्या आधीचा. आता आमच्या तालुक्यातल्या नव्या गाड्यांना अकलूजचा एमएच ४५ मिळतो. तपासणीच्या रांगेत उभे होतो तेव्हा मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, विकायची आहे का. त्याच्या बापाकडं अशीच होती.

पहिला लांबचा फेरा जेऊरपर्यंत केला. मे महिना. परतताना इंजिन तापलं आणि पेट्रोल पंपाजवळच्या नळीत वाफ धरली. गाडी आचके देऊन थांबली. पूर्वी घाटात फियाटवाले हे दृश्य रोज पाहत. मिस्त्री शेजारी बसले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पाण्याच्या बाटलीत बुडवला, बॉनेट उघडून पंपावर गुंडाळला आणि बांधाकडच्या लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. पंधरा मिनिटं लागतात, म्हणाले. बरोबर पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली.